मेणातले अण्णा

मथुरा सातपुते हिला भुतांची भीती कधी वाटली नाही. जिचा सगळा जन्म माणसांचे तुकडे मेणात बसवण्यात गेला, तिला भूत काय घाबरवणार? हुबळीत विद्यानगरच्या अंगाला कॅन्सरचा एक खाजगी दवाखाना होता, त्याच्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत ती कामाला होती. कुणाच्या मानेतली, कुणाच्या काखेतली गाठ वरून बाटलीतून खाली यायची. मथुरा ती मेणात बसवायची, वडी गार झाली की चाकाच्या यंत्रावर कांद्याच्या पापुद्र्यापेक्षा पातळ काप काढायची, काप कोमट पाण्यावर सोडायची आणि अलगद काचेवर उचलून घ्यायची. पुढचं डॉक्टर बघत. तिचं लग्न जमलं नव्हतं की तिनेच जमू दिलं नव्हतं, हे विचारायची छाती भाऊबंदांत कुणाची नव्हती.

ती राहायची थोरल्या भावाकडे. परशुराम सातपुते, घरात आणि बाजारातही अण्णाच. दुर्गदबैलला त्यांचं भुसाराचं दुकान. मिरची, शेंगा, डाळी अमरगोळच्या मार्केट यार्डातून आणायच्या आणि इथे बसून विकायच्या. आईवडील लवकर गेले, तेव्हा अण्णांनीच हिला शिकवलं. नातेवाईक म्हणाले, पोरीला कशाला शिकवतोस, ती काय तुझ्या तराजूला बसणार आहे? अण्णा हसले आणि फी भरून आले. त्यांची एक सवय साऱ्या बाजाराला माहीत होती. सकाळी दुकान उघडलं की देवाला उदबत्ती नंतर, आधी शिक्क्याचं पितळी वजन तराजूत. काटा मधोमध उभा राहिला तरच पहिलं गिऱ्हाईक. "वजन खरं असलं की मग माल बघावा," ते म्हणायचे. शेजारचे दुकानदार टिंगल करायचे, पण स्वतःच्या घरचा किराणा अण्णांकडूनच न्यायचे.

शहाण्णव साली अण्णांच्या मानेत गाठी आल्या. एक काढून खाली आली. ती दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचं मथुराच्या जिवावर आलं, तिने स्वतःच ती मेणात बसवली. घेवड्याच्या बीसारखी गाठ होती आणि एका कडेला सर्जनच्या चाकूची खाच पडली होती. कर्करोग वेगाने वाढणारा होता. तेवढं कळेपर्यंत अण्णा अंथरुणाला लागले आणि दिवाळी न बघताच गेले.

दहाव्या दिवशी उणकलच्या तळ्याकाठी पिंड ठेवले. आभाळात कावळे भरपूर, झाडावर कावळे भरपूर, पिंडाकडे एकही येईना. मुलगा संदीप म्हणाला, दुकान नीट चालवीन. मुलगी रूपालीच्या लग्नाचं मामांनी कबूल केलं. मथुरानेही हात जोडून, वहिनीला अंतर देणार नाही म्हणून सांगितलं. कावळे फांदीवर मान वाकडी करून बघत राहिले. शेवटी अंबूताई वहिनी पुढे आली. सगळ्यांसमोर, खणखणीत आवाजात म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं. मी मागनं येते."

बायकांनी तोंडाला पदर लावले. असलं बोलतात होय पिंडासमोर? पण त्यालाही कावळा भुलला नाही. ऊन डोक्यावर आलं तेव्हा भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि लोक घरी गेले. वहिनी मात्र तळ्याकडे वळून वळून बघत होती. "काय तर राहिलंय बघ त्यांचं," ती मथुराला म्हणाली. "इथंच कुठं तर राहिलंय."

त्यानंतर तीनेक वर्षांनी दवाखान्यात डॉक्टर सुधींद्र कट्टी आले. धारवाडचे, हुशार, घाईचे. बोलायला लागले की अर्धं वाक्य कानडीत, अर्धं मराठीत. त्यांना लिम्फच्या गाठींवर संशोधन करायचं होतं आणि त्यासाठी त्यांनी बर्फात घालून एक इवलीशी कुपी मागवली होती. कुपीत अँटिबॉडी होती. त्यांनी मथुराला समजावलं ते असं. पेशी एकाची दोन व्हायच्या आधी तिच्या आत एक प्रथिन तयार होतं, सायक्लिन डी-वन नावाचं. ते पेशीला ढकलतं, चल, हो पुढं. एका जातीच्या कर्करोगात हे प्रथिन नको तितकं साचतं, मग पेशी थांबायचं विसरतात. कुपीतला पदार्थ नेमकं तेवढंच प्रथिन हुडकून त्याला चिकटतो. वरून रंग चढवला की जिथे ते प्रथिन तिथे तपकिरी, बाकी सगळं निळं.

"पण अक्का, एक खात्रीचा तुकडा पाहिजे," डॉक्टर म्हणाले. "हमखास तपकिरी होणारा. दर खेपेला तो शेजारी लावायचा. तो तपकिरी झाला तर कुपी ठीक, रंग ठीक, आपलं काम ठीक. तो झाला नाही, तर बाकीच्यांचं काही खरं मानायचं नाही."

मथुराला ते लगेच समजलं. शिक्क्याचं वजनच की हे.

डॉक्टरांनी कपाटातल्या जुन्या वड्या काढल्या, नुसत्या नंबरांवरून. मथुराने काप काढले, काचा आम्लाच्या पाण्यात बुडवून स्वयंपाकाच्या कुकरात शिट्टी येईपर्यंत उकळल्या. हो, कुकरच. ह्या कामाला तेव्हा सगळीकडे तोच चालायचा, आणि प्रयोगशाळेत शिट्टी झाली की वरच्या नर्सा विचारायच्या, आज काय भात का आमटी. बहुतेक काचा निळ्याच राहिल्या. एक मात्र गच्च तपकिरी उठली. डॉक्टर सूक्ष्मदर्शकावरून मान वर न करताच म्हणाले, "नोड्री अक्का, हे बघा. हे आमचे यजमान!" घरचा कर्ता पुरुष, ह्या अर्थाने. नाव पडलं ते पडलंच.

मथुराने ती काच पुसायला हातात घेतली आणि उजेडाकडे धरली. घेवड्याच्या बीसारखा तुकडा. एका कडेला खाच.

ती स्टुलावर बसली. माणसाला अग्नी दिला, राख पाण्यात सोडली, वर्षश्राद्धं झाली, आणि हा इथे. नुसता नाही. ज्या घटकेला गाठ कापली, त्या घटकेचा हुकूम पेशीपेशीत तसाच उभा होता, चल, हो पुढं. अण्णांना कुणी तरी अजून ढकलतच होतं आणि जायला वाट नव्हती. कावळा का शिवला नाही, ते तिला त्या भर दुपारी कळलं. डॉक्टरांना ती काही बोलली नाही. घरीही बोलली नाही. वहिनीला काय सांगणार होती, तुझा नवरा माझ्या कपाटात आहे म्हणून?

तेव्हापासून खिडकीशी कावळा यायला लागला. हुबळीत कावळ्यांना तोटा नाही, हे मथुरालाही कळत होतं. पण हा यायचा तो अण्णांची वडी यंत्रावर चढवली की. जाळीच्या पलीकडे बसायचा आणि चाक फिरेल तसा मान हलवायचा. डब्यातल्या चपातीचा तुकडा तिने जाळीबाहेर ठेवून पाहिला. तो शिवायचा नाही. शेजारी मुंग्या लागायच्या, चिमण्या भांडायच्या, हा नुसता बघायचा. काप पाण्यावर सोडला की एरवी सुरकुतलेला असतो, हळूहळू पसरतो. अण्णांचा काप पाण्याला टेकताक्षणी पसरायचा, अंथरुणावर पाय ताणावेत तसा. मथुरा म्हणायची, "थांबा अण्णा, झालंच."

एकदा न राहवून तिने वडी पर्समध्ये घातली आणि उणकलला गेली. पाण्यात सोडायची, एकदाचं मोकळं करायचं. काठावर उभी राहिली, पर्स उघडली आणि उद्याच्या काचा आठवल्या. कुणा अनोळखी बाईची गाठ, कुणा मास्तरांची गाठ. त्यांचं खरंखोटं कशावर बघायचं? दुकानातलं वजन पाण्यात फेकून बाजार चालतो होय? अण्णांनीच हात धरला असता. ती परत आली आणि वडी जागेवर ठेवली. वडी मात्र दर खेपेला झिजत होती. ती संपली की अण्णा सुटतील, अशी तिने मनाची समजूत घातली. आणि संपली की अण्णा कायमचे जातील, म्हणून काप ती मोजूनच काढायची. असं दोन्हीकडून.

दोन हजार तीनच्या नवरात्रात अंबूताई वहिनीच्या मानेत गाठ आली. तीच जागा, तीच बाजू.

वहिनी हसून म्हणाली, "बोलवायला लागले वाटतं. शब्द दिलाय मी."

इतकी वर्षं मथुरा अण्णांना भाऊ म्हणून कापत आली होती. आता पहिल्यांदा तिला त्यांची भीती वाटली. अडकून पडलेला माणूस सोबत मागतो, हे तिने लहानपणापासून ऐकलं होतं. खिडकीतला कावळा तिला नजर लावून बसलाय असं वाटायला लागलं.

गाठ काढायचं दसऱ्यानंतर ठरलं. मधे खंडेनवमी आली. आपल्याकडे त्या दिवशी यंत्राला विश्रांती असते. लॉरीला हार, शिलाई मशीनला हार, तसा प्रयोगशाळेतही. पूजेचा कारभार मथुराचाच. तिने यंत्राचं चाक पुसलं, सूक्ष्मदर्शकाला कुंकू लावलं, कुकरला झेंडूची माळ घातली. फ्रीज बंद करून आतला बर्फ वितळवला, धुतला, त्यावर हळदीचं स्वस्तिक काढलं. आतला डबा, कुपीचा, तिने खिडकीतल्या टेबलावर टॉवेलखाली ठेवला होता. आरती झाली, चिरमुऱ्यांचा प्रसाद झाला, लोक दसऱ्याच्या सुट्टीवर गेले. डबा तिथेच राहिला. सुट्टी संपवून ती परत आली तेव्हा टॉवेलवर ऊन पडलं होतं. तिने जीभ चावली आणि डबा गुपचूप फ्रीजमध्ये ठेवला. इतकं काय होतंय, असं म्हणाली. देवासाठीच तर बाहेर काढला होता.

वहिनीची गाठ खाली आली. साध्या रंगात डॉक्टरांना दोन शक्यता दिसत होत्या. एक धीम्या जातीचा रोग, ज्यात औषध न देता वर्षानुवर्षं नुसतं लक्ष ठेवायचं. दुसरा अण्णांचा, ज्यात आजच्या आज जबर औषधं सुरू केली तरच माणूस हाती लागण्याची आशा. दोन्हींतला फरक कुपी सांगणार होती. मथुराने एकाच काचेवर वहिनीचा काप घेतला आणि कडेला अण्णांचा. नवराबायको सात वर्षांनी असे शेजारी. कावळा जाळीला चोच घासत होता.

संध्याकाळी डॉक्टरांना बेंगळूरची गाडी होती. उभ्याउभ्याच त्यांनी वहिनीचा काप पाहिला. सगळं निळं. "अक्का, चांगली बातमी! धीमा आहे. घाबरू नका म्हणून सांगा. परत आलो की लिहून देतो." कडेचा तुकडा त्यांनी बघितलाच नाही. यजमान इतक्या वर्षांत कधी चुकले नव्हते, माणूस बघायचं सोडून देतो.

मथुरा मात्र शेवटी तिथे डोळा लावायचीच, देवळातून निघताना मागे वळून बघावं तशी. तिने काच सरकवली. अण्णा निळे होते. कोरे. एक ठिपका तपकिरी नाही.

आणि ह्या बाईला काय वाटलं असेल? आनंद झाला. घळाघळा रडली ती. गेले, अण्णा गेले! हुकूम थांबला, वाट मिळाली, जाताना वहिनीला सोडून गेले. शहाण्यासुरत्या, हाताला यश असलेल्या बाईला त्या घटकेला दुसरं काही सुचलंच नाही. खिडकीत पाहिलं तर कावळा होता तिथेच होता. पण तेवढं तिने मनावर घेतलं नाही.

वाटेत वहिनीला आवडतं म्हणून तिने चिरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरची भजी बांधून घेतली. घरी पोचली, वहिनीच्या पाया पडली. "काय नाही वहिनी. साधं आहे. औषध पण नको." वहिनी देवापुढे जाऊन बसली. संदीप डोळे पुसत दुकानात पळाला, बायकोला फोन लावायला, ती माहेरी होती.

सकाळी मथुरा दवाखान्यात जाताना दुकानावरून गेली. संदीप दुकान उघडत होता. वागण्यात धांदरट, पण बापाची तेवढी सवय त्याने ठेवली होती. त्याने पितळी वजन तराजूत टाकलं. काटा एका अंगाला कलंडला.

"वजन झिजलं काय रे?" शेजारच्याने विचारलं.

"अण्णांचं वजन कुठलं झिजतंय," संदीप म्हणाला. "काट्यातच काय तर अडकलंय. हा तराजू खोटा बोलायलाय."

मथुरा रस्त्यातच थांबली. मागून रिक्षावाला ओरडला तेही तिला ऐकू आलं नाही. अण्णा गेले नव्हते. अण्णा कुठेच गेले नव्हते. कुपी मेली होती, तिच्याच हाताने, झेंडूच्या माळेशेजारी उन्हात. आणि अण्णा ओरडून सांगत होते, हा तराजू खोटा आहे, माझ्या बायकोला ह्यात तोलू नको. तिने ते ऐकून आनंदाने रडून घेतलं होतं.

दवाखान्यातून तिने बेंगळूरला फोन लावला. टॉवेल, ऊन, सुट्टी, सगळं सांगितलं. मांजर डोळे मिटून दूध पिते तसं गप्प बसता आलं असतं, डॉक्टरांना कधी कळलंही नसतं. पण पलीकडे वहिनी होती. डॉक्टर म्हणाले, "मीही बघितलं नाही, अक्का. मी बघायला पाहिजे होतं." दुसऱ्या दिवशी ते थर्मासात बर्फ घालून नवी कुपी घेऊन उतरले, स्टेशनवरून तडक प्रयोगशाळेत.

अण्णांच्या वडीत तेव्हा नावाला पदर उरला होता. मथुराने श्वास धरून चाक फिरवलं. एक काप धड आला. पुढच्याला नुसतं मेण. तो एक काप पाण्यावर पडला, आणि ह्या खेपेला तो पसरायची घाई करीना. सुरकुतलेला तसाच, आधीच पाण्यावर पसरलेल्या वहिनीच्या कापाच्या बाजूला सरकत गेला, तिला टेकला, आणि मग उलगडला. पाणी तर स्थिर होतं.

रंग चढला. दोघंही तपकिरी झाले.

वहिनीला सांगायचं काम मथुराने दुसऱ्या कुणावर टाकलं नाही. आधी रोगाचं सांगितलं, मग कुपीचं, मग कपाटातल्या वडीचं. रोगाचं ऐकून वहिनी हलली नाही. वडीचं ऐकून मात्र उसळली. "इतकी वर्षं ते तुझ्यापाशी होते, आन् तू मला बोलली नाहीस? मी इथं फोटोला हार घालत बसले, आन् तू रोज भेटत होतीस?"

"दाखव मला," वहिनी म्हणाली.

मथुराने तिला तळमजल्यावर नेलं, काच लावून दिली. वहिनीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायच्या आधी पदर डोक्यावर घेतला. किती तरी वेळ बघत होती. "हे ते?" "हो." "आन् ही मी?" "हो वहिनी." "वेगळं काय दिसत नाही गं," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी टेबलावर पडलं.

जबर औषधं सुरू झाली. वहिनीचे केस गेले, चव गेली, पण ती राहिली. पुढच्या पितृपक्षात अण्णांचं पान गच्चीवर ठेवलं. संदीप अजून तूप वाढतच होता, तोवर एक कावळा आला आणि थेट भातावर बसला. संदीपच्या हातातून वाटीच पडली. वहिनी नुकत्या फुटलेल्या केसांवरचा रुमाल सावरत खदखदून हसली. "पोचले बघ. सुटले एकदाचे."

प्रयोगशाळेच्या खिडकीत अण्णांची वडी संपल्यापासून कुणी येत नव्हतं. डॉक्टरांना मात्र नवा खात्रीचा तुकडा पाहिजे होता. गच्च तपकिरी होणारी एकच वडी कपाटात होती, वहिनीची. ते अवघडून मथुराकडे बघत राहिले. तिने घरी येऊन कसंबसं विचारलं.

वहिनी तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "मी मागनं येते म्हटलं होतं की नाही? त्यांची जागा रिकामी झाली, मी बसते. ठेव मला." थोड्या वेळाने पुढे म्हणाली, "आन् मी गेल्यावर कावळा शिवला नाही तर घाबरू नको. पोरांना काय बोलू नको. संदीप जन्मात कबूल केलं नाही ते सगळं त्या दिवशी कबूल करील. करू दे की."

ती दोन हजार आठच्या उन्हाळ्यात गेली, शेवटपर्यंत सगळ्यांना टोमणे मारत. दहाव्या दिवशी उणकलला पिंड ठेवले. कावळा येईना. संदीपने तंबाखू सोडली. बायकोशी भांडणार नाही म्हणाला. रूपालीला घरातला वाटा देईन म्हणाला, तेव्हा रूपालीच दचकली. बायका मथुराला पुढे ढकलत होत्या, तू बोल, तुझा जीव होता तिच्यावर, तुझं ऐकेल. मथुरा हात जोडून उभी राहिली. तिला हसू येत होतं आणि हुंदका येत होता, आणि दोन्ही दाबायला तिने तोंडात पदर कोंबला होता. ऊन चढलं. भटजींनी दर्भ मागवला.

दुसऱ्या दिवशी घरचं सुतक अजून संपलं नव्हतं, पण दवाखान्यात कुणाची तरी गाठ थांबली होती, म्हणून ती गेली. वडी यंत्रावर चढवली. जाळीपलीकडे फडफड झाली. तिने वर पाहिलं नाही. चपातीचा तुकडा मोडून बाहेर ठेवला, तो शिवला जाणार नाही हे माहीत असून ठेवला.

"वहिनी," ती म्हणाली, "वडी अजून जाड आहे हो. बसा थोडं."

आणि तिने चाक फिरवलं.